एकतीस मार्चची शिल्लक

पिपलानी, भोपाळ
२० जानेवारी १९९४

ताई, नमस्कार.

तुझी तिळगुळाची पुडी परवा पोचली. पोस्टाने तिच्यावर असे काही शिक्के मारले होते की निम्म्याचा चुरा झाला. नलिनीने तो पोळीत घालून संपवला, आणि वन्संच्या हातचा म्हणून एक जास्तीची पोळी मलाही मिळाली.

निवृत्तीला तीन महिने होत आले. पहिल्या सोमवारी कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा मी बूट घालून दारात उभा होतो. नलिनीने नुसती पिशवी हातात दिली आणि म्हणाली, निघालाच आहात तर इंद्रपुरीतून भाजी आणा. त्याच दिवशी ठरवलं की घरी बसायचं नाही. गोविंदपुऱ्यात भाड्याने एक शेड घेतली आहे. कारखान्याला लागणारे सुटे भाग, बुशी वगैरे, लेथवर करून द्यायचे. आमच्यातले पुष्कळ जण हेच करतात. नलिनी विचारते, एकतीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग केलंत, मग लेथ कशाला? आता तिला काय सांगायचं. तार गुंडाळणं म्हणजे हातकाम. एक बाक, दोन माणसं आणि तारेची रिळं, याला कुणी कारखाना म्हणत नाही. शेडमध्ये पाऊल टाकल्यावर यंत्र दिसायला हवं.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. बँकेच्या कर्जाच्या फॉर्मात भांडवलाचे चार रकाने आहेत: स्थिर, खेळतं, स्वतःचं आणि कर्जाऊ. मी प्रामाणिकपणे चारही भरले. स्वतःचे साठ हजार. कर्जाऊ एक लाख वीस हजार. स्थिर म्हणजे लेथ बसवून एक लाख साठ, आणि खेळतं म्हणजे उरलेले वीस. मग खाली बेरीज करा असं लिहिलं होतं म्हणून केली, तर तीन लाख साठ हजार झाले. क्षणभर मी श्रीमंत होतो. बँकेतल्या दुबेसाहेबांनी फॉर्म पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "भाईसाहब, ये दो बार क्यों जोड़ दिया? आधा तो वही पैसा है." त्यांचं म्हणणं, दोन रकाने पैसा कुठून आला ते सांगतात आणि दोन कुठे गेला ते सांगतात. पैसा एकच. हे मला बँकेत कळलं होतं, घरी येईपर्यंत परत गेलं.

शिवाय ते म्हणतात, खेळतं भांडवल वीस हजार म्हणजे फारच थोडं, निदान पन्नास पाहिजे. आता यंत्र आहे, छप्पर आहे, वीज आहे, मग खेळायला आणखी पैसे कशाला, हे काही उमगत नाही. आमच्या कारखान्यात माल लागला की चिठ्ठी फाडायची आणि स्टोअरमधून उचलायचा. कुणाच्या भांडवलातून येतो हे एकतीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. तू एकोणीस वर्षं पिठाची गिरणी चालवते आहेस. घरातली एकुलती एक उद्योगपती तूच. जरा समजावून सांग.

क्वार्टर तीस जूनला रिकामं करायचं आहे. अयोध्या नगरातल्या घराचा शेवटचा हप्ता पासष्ट हजारांचा, त्याच तारखेचा. तो नलिनीच्या नावावर वेगळा ठेवला आहे. त्याला हात लावणार नाही, असं तिने माझा हात पासबुकावर ठेवून वदवून घेतलं. हप्ता चुकला तर घर जातं, आणि क्वार्टर तर गेलेलंच असेल. म्हणून शेडला जे लागेल ते बाकीच्यातूनच उभं करायचं आहे.

तुझा
प्रभाकर


वर्धा
४ फेब्रुवारी १९९४

प्रभाकर,

उद्योगपती म्हणालास म्हणून गिरणीत एक खुर्ची मागवावी म्हणते. एकोणीस वर्षं पिंपावर बसते आहे.

मला रकाने कळत नाहीत. माझ्याकडे आहे ते सांगते. चक्की, मोटर आणि पत्र्याची खोली, हे एकदा घेतलं की हलत नाही. तुझं ते स्थिर हेच असावं. खेळतं म्हणजे पट्टा तुटला, तेल संपलं, दगडाला टाकी लावणारा आला, त्याला द्यायचे पैसे. त्यासाठी माझ्याकडे बिस्किटाचा एक डबा आहे. त्यात कधीच दोन-तीनशेच्या वर नसतात, आणि लागलेही नाहीत. गहू गिऱ्हाईक आणतं, पिशवीसुद्धा तेच आणतं, दळून झालं की तिथल्या तिथे पैसे ठेवतं. तेव्हा माझं ऐकशील तर यंत्र चांगलं घे. यंत्रात काटकसर करू नकोस. बाकीचं गिऱ्हाईक घेऊन येतं. तुझे साहेब पन्नास हजार कशाला म्हणतात ते मलाही कळलं नाही, पण ते बँकेत बसतात आणि मी पिंपावर, म्हणून त्यांचंच खरं धरू.

सोबत तीस हजारांचा ड्राफ्ट आहे. ओरडू नकोस. पडून होते. गिरणी धडधाकट चालली आहे, मला एकटीला लागतं किती? कर्ज म्हण, भाग म्हण, काय म्हणायचं ते म्हण, मला व्याज नको. आमचे यजमान असते तर त्यांनीही दिले असते.

नलिनीला सांग, घराच्या पैशांवर तिने हात ठेववला ते फार बरं केलं.

ताई


पिपलानी, भोपाळ
२ एप्रिल १९९४

ताई, नमस्कार.

ड्राफ्ट मिळाल्याचं कार्ड टाकलं होतं. कार्डावर नीट लिहवेना. तू न मागता दिलेस. त्या दिवशी शेडमध्ये जाऊन बराच वेळ नुसता बसलो होतो.

कर्ज मंजूर झालं. लेथ आला, बसला, चालू करून पाहिला. तू म्हणालीस तसं यंत्रात काटकसर केली नाही. चाळीस हजार माझे गेले, बाकीचे बँकेने परस्पर भरले. खात्यात पन्नास हजार राहिले, माझे वीस आणि तुझे तीस.

आणि मग मार्च आला. ताई, तू सरकारी कारखान्यात नव्हतीस म्हणून तुला हे विचित्र वाटेल. आमच्या विभागाला वर्षाचे पैसे मिळायचे, आणि एकतीस मार्चला जे उरेल ते परत जायचं. वर पुढच्या वर्षी तेवढं कमी मिळायचं, कारण तुम्हाला लागतच नाही असा अर्थ काढायचे. म्हणून मार्चमध्ये आम्ही सगळे कामाला लागायचो. खुर्च्या घ्यायचो, पंखे घ्यायचो. एका वर्षी चौदा शिड्या घेतल्या होत्या. एक रुपया परत जाऊ दिला नाही म्हणून साहेबांनी तीन वेळा माझी पाठ थोपटली आहे.

वीस मार्चपासून मला झोप लागेना. पन्नास हजार खात्यात नुसते पडलेले. हे माझेच पैसे आहेत, कुठे परत जाणार नाहीत, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? अठ्ठावीस तारखेला एक बंद पडलेला वर्कशॉप विकायला निघाला. तिथून ड्रिलिंग मशीन घेतलं, बेचाळीस हजारांना, भक्कम. मग लोखंडी कपाट, टेबल, चार स्टुलं आणि भिंतीवरचं घड्याळ. एकतीस तारखेला दुपारी पासबुक भरून आणलं. शिल्लक एकशे बेचाळीस रुपये. इतका हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

नलिनीने पासबुक पाहिलं आणि विचारलं, "आता खेळायला काय ठेवलंत?" मी तिला तुझं पत्र दाखवलं. बाकीचं गिऱ्हाईक घेऊन येतं, असं ताईने स्वच्छ लिहिलंय म्हटलं. तिने पासबुक मिटून परत दिलं. कारखान्याकडून ऑर्डर महिन्याभरात येईल.

तुझे पैसे मी कोणत्या रकान्यात टाकले ते सवडीने सांगतो. ते जरा अवघड आहे.

प्रभाकर


वर्धा
२३ एप्रिल १९९४

प्रभाकर,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर आहे, आमच्याकडेही मार्चमध्ये असंच व्हायचं. तेव्हा तू वेडा झालेला नाहीस, एवढं समाधान. पण मला काही कळलं नाही. माझ्या डब्यात मार्चमध्ये दोनशे असले तर एप्रिलमध्येही दोनशेच असतात. ते कुणी न्यायला येत नाही.

एक विचारू का? पत्र लिहिताना मी गिरणीचाच विचार केला. माझ्याकडे गहू गिऱ्हाइकाचा असतो. तुझ्याकडे धातू कुणाचा? कारखाना देणार आहे ना? दिला तर काहीच प्रश्न नाही. आणि काम दिल्यावर पैसे तिथल्या तिथे देतात ना? या दोन्ही गोष्टी मी गृहीत धरल्या होत्या. आधी विचारायला हवं होतं, पण शहाणपण सांगायची हौस आवरली नाही.

इकडे ऊन फार आहे. गिरणी सध्या बंद ठेवली आहे. मलाच जरा विश्रांती हवी होती. एकोणीस वर्षांत सुट्टी घेतली नव्हती. दुपारी झोपते, वाचते. छान वाटतं.

ताई


पिपलानी, भोपाळ
२२ मे १९९४

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तू विश्रांती घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं. मी कधीपासून सांगतो आहे, पण तू ऐकशील तर ना.

ऑर्डर आली. चारशे बुशी. कागद हातात पडल्यावर मी आधी संख्या वाचली, मग दर वाचला, मग पेढे आणले. खालच्या ओळी पेढे खाताना वाचल्या. धातू पुरवठादाराने आणायचा आहे, म्हणजे मी. पैसे तपासणीत माल पास झाल्यावर नव्वद दिवसांनी. तू दोन्ही प्रश्न विचारलेस आणि दोन्हींचं उत्तर नाही असं आलं.

धातूला अठ्ठेचाळीस हजार लागतात. दुबेसाहेबांकडे गेलो. म्हटलं, खेळतं भांडवल द्या. ते म्हणाले, "ज़रूर देंगे, स्टॉक दिखाइए." बँक खेळत्यासाठी पैसे देते ते आणलेल्या मालावर. माल दाखवा, पैसे घ्या. मी म्हटलं, पैसे मिळाले की माल आणतो. ते म्हणाले, माल आणा की पैसे मिळतील. आम्ही दोघंही सज्जन माणसं, त्यामुळे हे बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी विचारलं, पन्नास हजार होते ना? मी सांगितलं, त्याचं ड्रिल झालं. त्यांनी चहा मागवला.

तर असं आहे. माझ्याजवळ भांडवल भरपूर आहे, ते रोज डोळ्यांना दिसतं, हात लावला तर गार लागतं. फक्त त्याने काही विकत घेता येत नाही. काहीतरी मार्ग काढतो. काळजी करू नकोस.

प्रभाकर


पिपलानी, भोपाळ
५ जून १९९४

ती. वन्सं यांना नमस्कार.

मी तुम्हाला आपणहून कधी लिहिलं नाही, म्हणून अक्षर पाहून दचकाल. तब्येती ठीक आहेत. हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे.

यांनी माझ्याकडे घराचे पैसे मागितले. तीस जूनच्या आत परत ठेवतो म्हणाले. नव्वद दिवसांनी मिळणारे पैसे तीस जूनला कसे परत ठेवणार, असं मी विचारलं, तर म्हणाले तू फार हिशोबी आहेस. मी नाही म्हटलं. वन्सं, अठ्ठावीस वर्षांत मी यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आता आठ दिवस आम्ही मीठ द्या, पाणी घ्या, एवढंच बोलतो.

रोज सकाळी आठच्या भोंग्याला डबा घेऊन शेडवर जातात आणि पाचच्या भोंग्याला परत येतात. मला वाटलं, काहीतरी किरकोळ काम मिळालं असेल. परवा कुलपाची किल्ली विसरून गेले म्हणून मी मागोमाग गेले. ते लेथ पुसत होते, मग ड्रिल पुसलं. मग स्टुलावर बसून घड्याळाकडे पाहत राहिले. मी किल्ली दारातल्या दगडाखाली ठेवली आणि हाक न मारता परत आले. घरी येईपर्यंत रडत होते.

पंधरा तारखेपर्यंत ऑर्डर घ्या नाहीतर सोडा, असं पत्र आलं आहे. मी चुकते आहे का? यांची ही एवढीच हौस, आणि मी पैशांवर बसले आहे असं मला दिवसभर वाटतं. पण घर गेलं तर या वयात सामान कुठे टाकायचं? तुमचेही तीस हजार त्यात आहेत, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही म्हणाल तसं करीन.

नलिनी


वर्धा
१० जून १९९४

नलिनी,

तू चुकत नाहीस. घराच्या पैशांना हात लावू देऊ नकोस. मी सांगितलं म्हणून सांग, म्हणजे राग माझ्यावर येईल आणि तो इथपर्यंत पोचायला पाच दिवस लागतात.

ते ड्रिल विका. इतकी साधी गोष्ट आहे, मग त्याच्या डोक्यात का येत नाही हे मला कळत नाही. चार-पाच हजार कमी येतील. येऊ देत. आणि ती ऑर्डर त्याला झेपत नसेल तर सोडू दे. चूक माझी आहे. मी त्याला गिरणीचं शहाणपण दिलं आणि त्याने ते कारखान्याला लावलं.

आता तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते, पण हे त्याला कळता कामा नये. माझी मोटर अठरा एप्रिलला जळाली. गिरणी तेव्हापासून बंद आहे. विश्रांती वगैरे काही नाही. इथल्या मेस्त्रीने ती दोनदा नवी तार भरून दिली होती, आता तिसऱ्यांदा भरून टिकणार नाही, नवीन घ्या म्हणतो. नवीन मोटर आणि नवी चक्की यासाठीच मी ते तीस हजार साठवले होते. मोटर आणखी एक-दोन वर्षं चालेल असा माझा अंदाज होता, तो चुकला. गिऱ्हाइकं आता बाजारातल्या गिरणीत जातात. त्यांचा काय दोष? मी दुपारी झोपते हे मात्र खरं आहे. दुसरं काही करण्यासारखं नसतं.

त्याला सांगितलंस तर तो आहे ते सगळं विकून मला पैसे पाठवेल, आणि दोघंही बुडू. म्हणून गप्प राहा.

इंदुमती


पिपलानी, भोपाळ
१६ जून १९९४

ताई,

नमस्कार नंतर करीन. नलिनीने तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं. गप्प राहा असं लिहिलं होतंस, ती राहिली, फक्त पत्र ताटाशेजारी ठेवलं.

तुझी मोटर जळाली. दहा हॉर्सपॉवरची, तीन फेजची. आणि तू ते माझ्यापासून लपवलंस. मी जन्मभर काय केलं तुला ठाऊक नाही का? मी एकतीस वर्षं मोटरीच भरल्या. रेल्वे इंजिनाच्या भरल्या, धरणावरच्या भरल्या. तुझ्या मोटरीला जेवढी तार लागते तेवढी आमच्याकडे कापून फेकली जायची. आणि माझी सख्खी बहीण दोन महिने गिरणी बंद करून बसली, कारण वर्ध्याचा कुणी मेस्त्री म्हणाला टिकणार नाही. मला रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. त्या दोन महिन्यांत मी इथे स्टुलावर बसून घड्याळ पाहत होतो.

मोटर रेल्वे पार्सलने पाठव. पेटीत नीट बांध, मोटरीखाली गवत घाल. मी स्टेशनवर उभा राहतो.

ड्रिलचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. ते माझ्या डोक्यात खरंच आलं नाही. कारखान्यात यंत्र विकायचं म्हणजे आधी समिती, मग पाहणी, मग ते निकामी झाल्याचा दाखला, आणि भंगारात जायला सहा वर्षं. चालू यंत्र असं कुणी विकताना मी पाहिलंच नव्हतं. नलिनीने विचारलं, तुम्हाला कुणाची सही लागते? मी विचार केला. कुणाचीच लागत नाही. आज सकाळी इथल्याच एकाने छत्तीस हजारांना नेलं. सहा हजार गेले, ते शिक्षणखाती टाकतो. ऑर्डर सोडली. सोडल्याचं पत्र तीनदा लिहिलं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक लपवलं होतं, तेही सांगून टाकतो. तुझे तीस हजार मी फॉर्मात "स्वतःचं भांडवल" म्हणून लिहिले. कर्ज लिहिलं असतं तर माझा वाटा कमी पडला असता. तेव्हा कागदावर ते पैसे माझेच आहेत, तुझं नाव कुठेच नाही. मी उद्या नसलो तर तुला कुणाकडे मागताही येणार नाही. हे मला मार्चपासून टोचतं आहे. ड्रिलच्या पैशांतून तुझे तीस हजार आधी परत करतो. होय म्हण.

प्रभाकर


वर्धा
१९ जुलै १९९४

प्रभाकर,

मोटर बसवली. बटण दाबताना मी खोलीबाहेर उभी राहिले होते, शेजारच्या बायका आत. आवाज आला तेव्हा आधी ओळखूच आला नाही, इतका बारीक. इथल्या मेस्त्रीने हात लावून पाहिला आणि म्हणाला, गरम का होत नाही? त्याने दोन्ही वेळा एका नंबराने बारीक तार भरली होती असं तू लिहिलंयस, ते मी त्याला सांगितलं नाही. गावात राहायचं आहे.

पार्सलमध्ये जॉबकार्ड होतं. जॉब नंबर एक. तांब्याची तार, कागद, व्हार्निश मिळून अकराशे ऐंशी रुपये, मजुरी शून्य. मी शून्य खोडून तीनशे केलं आहे आणि चौदाशे ऐंशीची मनिऑर्डर केली आहे. गिऱ्हाइकाने पैसे तिथल्या तिथे ठेवायचे असतात. उधारी ठेवलीस तर तुझी गिरणी चालणार नाही.

तीस हजारांना नाही म्हणते. तू लपवलंस ते चुकलं. आता एका साध्या कागदावर लिहून दे की शेडमध्ये माझा भाग आहे, आणि त्यावर नलिनीची सही घे, तुझी एकट्याची नको. मी गेल्या महिन्यात पोस्टातल्या बाबूला विचारून घेतलं. कर्ज असेल तर शेड चालो न चालो, तू मला देणं लागतोस. भाग असेल तर चाललं की मिळेल, बुडलं की माझंही बुडालं. मला हे दुसरं चालेल. मी तुला यंत्रं घे म्हणून सांगितलं, तेव्हा निम्मं बुडवणं माझं आहेच.

इथल्या दोन गिरण्यांच्या मोटरी जळालेल्या पडून आहेत. पाठवू का? मोटर त्यांची, आणायचा-न्यायचा खर्च त्यांचा, पैसे रोख. तार तेवढी तुझी.

घर कसं आहे? नळाला पाणी येतं का?

ताई


अयोध्या नगर, भोपाळ
३१ मार्च १९९५, शुक्रवार

ताई, नमस्कार.

नळाला पाणी सकाळी एक तास येतं. नलिनीने अंगणात लावलेल्या कढीपत्त्याला चार पानं आहेत. ती रोज मोजते.

आज जॉब नंबर एकशे सोळा संपला. गोविंदपुऱ्यात एवढ्या मोटरी जळतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? लेथही रिकामा नसतो, मोटरींचे झिजलेले शाफ्ट त्यावर दुरुस्त होतात. बँकेचा एकही हप्ता चुकला नाही, सुरुवातीचे ड्रिलच्या पैशांतून गेले. दुबेसाहेब परवा घरचा पंखा घेऊन आले होते. जाताना म्हणाले, "अब आपका कैपिटल घूम रहा है." आठवड्याला तार येते, आठवड्याला पैसे होतात, त्यांची परत तार येते. हे बघून मला ते खेळतं म्हणजे काय ते कळल्यासारखं वाटतं. कधी कधी परत नाहीसं होतं.

पण आज एकतीस मार्च. पासबुकात अकरा हजार चारशे रुपये शिल्लक आहेत. पाच हजार तुझ्या भागाचे बाजूला काढले, ते येत्या आठवड्यात ड्राफ्टने येतील. चारशे सोडून बाकीचे सहा तारेचे आहेत, म्हणजे जागच्या जागी राहायला पाहिजेत. सकाळपासून माझे हात शिवशिवताहेत. अकरा वाजता मी चांगल्या शिडीची किंमत विचारून आलो. नलिनीने पासबुक तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं आहे. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. ती सारखी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. चारनंतर बँक बंद झाली तेव्हा तिने न मागता चहा दिला.

पत्र आज टाकत नाही. उद्या बँका वर्षाच्या हिशोबासाठी बंद, परवा रविवार. पैसे परत जात नाहीत हे तू मला गेल्या वर्षी लिहिलं होतंस, आणि मी ते मान्य करतो. तरीपण एकदा बघून मग टाकतो.

३ एप्रिल, सोमवार

दहाला बँक उघडली तेव्हा मी पहिलाच होतो. नलिनीही आली, मला एकट्याला पाठवायला तिची तयारी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पासबुक भरून हातात दिलं. मी ते नलिनीला दिलं, माझ्याने बघवेना.

ताई, आहेत. सगळे आहेत.

प्रभाकर